सूनबाईच्या भाषेची आत्या

९ जानेवारी

आजी होणार मी! चिरंजिवांनी जेवता जेवता सांगून टाकलं, जणू काही गॅसचा नंबर लावला. मी उठले ती खुर्चीला अडखळूनच सूनबाईपर्यंत पोचले, तिला जवळ घेतलं, रडले, तिच्याच ओढणीला डोळे पुसले. सगळं कसं छान चाललं होतं. मग ती म्हणाली, "आई, एक सांगून ठेवते. बाळाशी मी माझ्याच भाषेत बोलणार आहे. पहिल्या दिवसापासून."

"अगं बोल की! त्यात विचारायचं काय?" असं मी म्हटलं खरं, पण मनातून धास्तावले.

कारण ताईचं मी बघते ना. ताईची नातवंडं परदेशात. फोनच्या पडद्यावर येतात, दोन शब्द बोलतात आणि पळतात. ताई बिचारी रिकाम्या पडद्याकडे बघून हसत बसते. तिची नातवंडं निदान समुद्रापलीकडे आहेत. माझं नातवंड माझ्याच मांडीवर बसून आईशी गुलुगुलु बोलणार आणि मी आपली मधे ठोंब्यासारखी. ते व्हायचं नाही. माझ्या घरात मला कळणार नाही असं बोलणं मी चालू देणार नाही. चालू देणार नाही म्हणजे, मी ते शिकून घेणार.

१३ जानेवारी

सूनबाईकडूनच सुरुवात करावी म्हटलं. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढते, घरी आली की आधी बूट ओळीत लावते. सगळं शिक्षण हॉस्टेलवर झालेलं, अगदी सहाव्या वर्षापासून, त्यामुळे शिस्त वाखाणण्यासारखी. मराठी लग्नाआधीच शिकली आणि आता माझ्या चुका काढते. तिला विचारलं, "पाण्याला काय म्हणता गं तुमच्याकडे?"

"आई येईल ना, तेव्हा तिलाच विचारा," असं म्हणून ती भांडी घासायला गेली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

ठीक आहे. नसेल सांगायचं. प्रत्येक घराचं काहीतरी झाकून ठेवलेलं असतंच.

१८ जानेवारी

आज माझं चष्म्याचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून वाचनालयात गेले. तिथल्या बाईंच्या नाकावरची फ्रेम माझ्याच दुकानातली, त्यामुळे त्या माझ्यासाठी शिडीवरसुद्धा चढतात. सूनबाईच्या भाषेचं नाव सांगितलं, तशी त्यांनी मला मागच्या खोलीत नेऊन भिंतीवरचा एक भला मोठा तक्ता दाखवला. तिबेटो-बर्मन भाषाकूळ. चारेकशे भाषा! मी तर बघतच राहिले. हे एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. एका बाजूला तिबेटी आणि तिची पिलावळ, एका बाजूला बर्मी, मग करेन, बोडो-गारो, कुकी-चिन, नागा, मैतेई, किरांती. वर चिनीकडे जाणारी एक रेघ. ही चिनी म्हणजे या खोडाची सख्खी बहीण की घरातलीच एक लेक, यावर म्हणे विद्वानांची भांडणं चालू आहेत. आमच्यातही असं एक घराणं आहे.

सूनबाईची भाषा शोधायला भिंगच काढावं लागलं. अगदी कोपऱ्यात, तुटक रेघेने लटकलेली.

"ही रेघ अशी का?"

"तुटक रेघ म्हणजे नातं नक्की ठरलेलं नाही," बाई म्हणाल्या. "कोणी या फांदीवर धरतात, कोणी त्या."

म्हणजे बोलणी चालू आहेत, याद्या व्हायच्या आहेत. पण कूळ तर एकच ना? मला तेवढं पुरे. तिच्या भाषेचं पुस्तक नाही, वर्ग नाही, काही नाही. मात्र याच वाचनालयात तिबेटी आणि बर्मीचे वर्ग चालतात. तिबेटी मंगळवारी सकाळी, म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांची वेळ. बर्मी शनिवारी दुपारी, दुकान बंद असताना. तेव्हा बर्मी.

मी असा विचार केला: बर्मी ही या घरातली मोठी आत्या. बोलणारे सगळ्यात जास्त तिच्याकडे, जुने कोरीव लेख आहेत, मान आहे. आत्याच्या चालीरीती एकदा कळल्या की भाच्या काय, आपोआप कळतात. या कानाची खबर त्या कानाला नाही. बाळ होईपर्यंत कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

३ फेब्रुवारी

वर्गात आम्ही पाचजण. शिकवणारे मास्तर बोटीवरून निवृत्त झालेले, आई त्यांची बर्मी. "तुम्ही का शिकताय?" असं प्रत्येकाला विचारलं. एकाला तिथे व्यापार करायचाय, एकीला देवळं बघायचीत. मी म्हटलं, "हौस." खरं सांगून फजिती करून घ्यायला सांगितलंय कोणी!

बर्मी अक्षरं पाहून जीव हरखला. सगळी गोल गोल. काही पूर्ण, काही एका बाजूला उघडी, काही जोडीजोडीने. माझ्या दुकानातल्या फ्रेमाच कोणीतरी ओळीने मांडून ठेवल्यासारख्या. मास्तर म्हणाले, आजवर इतक्या लवकर कोणी अक्षरं ओळखली नव्हती. घरी येताना मी गल्लीतून जरा ताठच चालत आले.

आणि नमस्काराला म्हणतात 'मिंगलाबा'. त्यात आपलं 'मंगल' बसलंय, पालीतून तिकडे गेलेलं. म्हणजे ओळखीचं माणूस दारातच भेटलं!

१० मार्च

सुरांनी हात टेकायला लावलेत. अक्षर तेच, पण आवाज वर चढला की एक अर्थ, खाली उतरला की दुसरा. मी 'पाच' म्हणायला जाते आणि भलतीकडेच पोचते. एक मात्र आपल्यासारखं, क्रियापद शेवटी. मास्तर म्हणाले, या कुळात बहुतेक भाषांचं तसंच आहे, करेन मंडळींनी तेवढं क्रियापद उचलून मधे ठेवलं. प्रत्येक घरात एक शाखा असते जी स्वयंपाकघराची मांडणी बदलते.

दुकानात सराव करते. भिंगं पुसताना पुटपुटत असते. आज एक गिऱ्हाईक म्हणालं, "जपाला बसलाय का? मग येतो." मी म्हटलं, "बसा हो, तुमच्या नंबरासाठीच चाललाय."

२० एप्रिल

सूनबाईचं पोट दिसायला लागलंय आणि तिचं गॅलरीतलं फोन प्रकरण वाढलंय. ऑफिसातून आली की गॅलरी, काचेचं दार बंद, फोन कानाला. पलीकडे तिची आई. दारातून शब्द ऐकू येत नाहीत, पण चाल ऐकू येते. एकच वाक्य. पुन्हा तेच. पुन्हा तेच, जरा सावकाश. मग पलीकडून हसण्याचा आवाज, इतका मोठा की काचेतून येतो, आणि ही लालेलाल.

माझ्याबद्दल तक्रार चालते, दुसरं काय! इतकं ठासून ठासून माणूस कोणाबद्दल सांगतं? सासूबद्दलच. आणि ती बाई हसते!

चिरंजिवांना म्हटलं, तर म्हणतो, "आई, तू तिला ते सारखं पाण्याला काय म्हणता, दाराला काय म्हणता विचारणं बंद कर ना. तिला त्रास होतो." झालं! आता दोन शब्द विचारण्याचाही त्रास. मी खोलीत जाऊन बर्मीत दहा वाक्यं लिहून काढली. राग आला की अक्षर छान येतं.

२ जुलै

विहीणबाई येताहेत, बाळंतपणासाठी. एकट्याच असतात, मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतात. तिकीट काढताना मी चिरंजिवांना सहज सुचवलं, "परतीचंही काढून टाक. पेट्यांना त्यांची गरज असेल. महिनाभर पुष्कळ झाला." खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. दोघी मिळून बाळाशी बोलायला लागल्या तर मी एकटी कुठवर पुरी पडणार?

स्वागताचं भाषण तयार आहे. "या. प्रवास कसा झाला? हे घर तुमचंच आहे. बाळ आपलं दोघींचं आहे." मास्तरांनी दोनदा म्हणून घेतलं आणि पाठ थोपटली. कोणासाठी म्हणून मी काही सांगितलं नाही.

२८ जुलै

आज जे झालं ते लिहू की नको? लिहितेच.

विहीणबाई आल्या. लहानखुऱ्या, चटपटीत, हातात बॅग आणि बॅगेपेक्षा मोठा मधाचा डबा. मी दारात उभी राहिले, घसा खाकरला आणि सुरू केलं. मिंगलाबापासून 'आपलं दोघींचं'पर्यंत. एकही सूर चुकला नाही. चिरंजीव माझ्याकडे बघताहेत, सूनबाई माझ्याकडे बघतेय, विहीणबाई सूनबाईकडे.

मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि मधल्या भाषेत, म्हणजे त्यांच्याकडे आणि इकडेही बाजारात सगळ्यांशी चालते, मलाही थोडीफार येते त्या भाषेत, म्हणाल्या, "फार गोड गाणं होतं. कुठलं?"

चिरंजीव हसता हसता जमिनीवर बसले. पोटच्या पोराने असं हसावं! "आई, बर्मी? तू बर्मी शिकलीस? कशासाठी?"

सूनबाई मात्र हसली नाही. तिचा चेहरा भलताच झाला होता. तिने विचारलं, "कधीपासून शिकताय?" मी सांगितलं. ती आत निघून गेली. एवढा राग येण्यासारखं काय केलं मी?

३० जुलै

मास्तरांना गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. आजकाल सगळे मला हसताहेत.

"अहो बाई, आधी विचारायचं तरी! मराठी आणि रशियनसुद्धा एकाच कुळातल्या. तुम्हाला रशियन कळतं?"

"नाही."

"मग?"

"मग त्याला कूळ तरी कशाला म्हणायचं? फसवणूक आहे ही."

तेव्हा त्यांनी फळ्यावर डोळ्याचे शब्द लिहिले. तिबेटीत मिग. मैतेईत मित. नेवारीत मिखा. बर्मीत लिहायचं म्यक्, पण बोलताना शेवटचा तुकडा गिळून टाकायचा. "हजारो वर्षं वेगळं राहून एवढं उरलंय," म्हणाले. "लग्नात एखादा अनोळखी माणूस दिसतो आणि आपण म्हणतो, हे नाक आपल्याकडचं दिसतंय. एवढंच नातं. त्याच्या घरी आज काय शिजलं, ते त्या नाकावरून कळत नाही."

हे मला जानेवारीत कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण जानेवारीत मी कोणाला विचारलं नव्हतं, हेही खरंच.

४ ऑगस्ट

विहीणबाई दुकानात आल्या. सुईत दोरा ओवताना हात लांब नेतात, ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्यांना अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून दुसरा तक्ता लावला, ज्यात फक्त दिशा दाखवायची असते. वर, खाली, डावीकडे. मजेत हात हलवत होत्या. मग मी स्वतःच्या डोळ्याला बोट लावून भुवया उडवल्या. त्यांना कळलं. त्यांनी शब्द सांगितला.

मास्तरांच्या फळ्यावरच्या शब्दांचंच नाक! अगदी तेच नाही, पण त्याच घरातलं. मी टाळी वाजवली, तशी त्यांनीही वाजवली, कशाबद्दल ते न कळताच. बाई मोकळी आहे. फोनवर ही माझ्याबद्दलच्या तक्रारींना हसत असेल असं वाटत नाही.

एक मात्र नवल. मायलेकी आपसात मधल्या भाषेतच बोलतात. माझ्यादेखत तर बोलतातच, पण मी स्वयंपाकघरात असतानाही तेच. हा सभ्यपणा म्हणायचा की सावधपणा?

१७ ऑगस्ट

मुलगी! सकाळी झाली. सगळं नीट. डोक्यावर एवढं जावळ, आणि कपाळाला आठी. आठी माझी आहे, यात वाद नाही. आज दुसरं काही लिहायला सुचत नाही.

२४ ऑगस्ट

मंडळी घरी आली.

दुपारी चहा घेऊन गेले तर विहीणबाई नातीला गुडघ्यांवर निजवून बोलत होत्या. त्यांच्या भाषेत. मध्येच विचारल्यासारखं, मध्येच दटावल्यासारखं, आणि बाळ असं बघत होतं की जणू आता उत्तर देणार. ऐकायला फार गोड होतं आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. नेमकं हेच व्हायला नको होतं. सूनबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "काय सांगताहेत गं त्या? मला पण सांग की."

"माहीत नाही."

"नसेल सांगायचं तर राहू दे बाई. मी काही..."

ती वळली. तिचे डोळे सुजले होते. "आई, मला खरंच माहीत नाही. थोडं कळतं, मग मध्येच तुटतं."

मी कप खाली ठेवला.

"सहाव्या वर्षी हॉस्टेलवर गेले," ती म्हणाली. "तिथे आमचं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. सुट्टीत घरी गेले की पहिले काही दिवस तोंडात शब्दच यायचे नाहीत. मग एका सुट्टीत ते आलेच नाहीत. आई आमच्या भाषेत विचारायची, मी बाजारातल्या भाषेत उत्तर द्यायची. मग तिनेही आमच्या भाषेत विचारणं सोडलं."

"मग ते गॅलरीत..."

"शिकवणी. एकेक वाक्य दहादा म्हणायला लावते. आणि मी चुकले की हसते."

"पण तूच तर म्हणालीस, पहिल्या दिवसापासून बोलणार म्हणून!"

"ते तुम्हाला नव्हतं सांगितलं. मला स्वतःलाच सांगितलं. तुमच्यासमोर बोलून टाकलं की मागे फिरता येणार नाही, म्हणून." तिने नाक पुसलं. "आणि तुम्ही रोज विचारायचात. पाण्याला काय, दाराला काय. मला वाटायचं, आज पकडली जाणार. त्या दिवशी दारात तुम्ही एवढं घडाघडा बोललात. परक्या भाषेत का होईना, पण न अडखळता. आणि मला माझ्या आईशी तेवढंसुद्धा येत नाही."

मी तिला जवळ घेतलं. माझंही रडं आवरेना. इतके महिने मला वाटत होतं की ही आतून कडी लावून बसलीय. ती तर माझ्यासारखीच बाहेर उभी होती, आणि घर तिचं होतं. विहीणबाई आमच्याकडे बघत होत्या. कोण का रडतंय ते त्यांना कळलं असावं, त्यांनी आमच्या चहावर बशी तेवढी झाकली.

२७ ऑगस्ट

चिरंजिवांना सकाळीच सांगितलं, परतीचं तिकीट रद्द कर. ते म्हणाले, "अगं, तूच तर काढायला लावलंस! आणि त्या झोपणार कुठे? महिनाभरासाठी हॉलमध्ये ठीक होतं." मी म्हटलं, माझ्या खोलीत झोपतील. मी हॉलमध्ये. चष्म्यांच्या खोक्यांत झोपून मी एक दुकान उभं केलंय, मला शिकवू नकोस.

मग विहीणबाईंकडे गेले. मधल्या भाषेत माझी मोडतोड चालते, पण काम भागतं. म्हटलं, "पेट्या शेजाऱ्यांकडे सोपवा आणि इथेच राहा. बोलायला लागेपर्यंत."

त्यांनी नव्या चष्म्यातून आधी मांडीवरच्या नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग लेकीकडे. "बोलायला लागेपर्यंत," त्या म्हणाल्या, "पण कोण?"

आम्ही तिघी हसलो. बाळ दचकलं आणि रडायला लागलं, तसं मी त्याला उचलून घेतलं.

सूनबाई उशीला टेकून बसली. आणि तिने आईकडे बघून काहीतरी म्हटलं. तिच्या भाषेत. दोनदा अडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. विहीणबाईंनी बोट वर केलं आणि एक शब्द दुरुस्त केला. तिने परत म्हटलं. त्यांनी परत दुरुस्त केलं. पुढच्या वेळी मात्र बोट वर झालं नाही. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि लेकीला उत्तर दिलं. बाजारातल्या भाषेत नाही, त्यांच्या भाषेत. लेकीने पुढे काही विचारलं. त्यांनी पुन्हा उत्तर दिलं.

काय बोलत होत्या ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. बाळ अजून कुरकुरत होतं. त्यांचं बोलणं मोडू नये म्हणून त्याला घेऊन मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.